पाचशेला तीस कमी!

गिरणीकामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

हजेरीबुकाची किंमत तुम्हाला कोणी शिकवायला नको. पाळीवर वेळेवर आलात, आठ तास साच्यापाशी उभे राहिलात, कापसाचा भुगा नाकातोंडात गेला, पाय सुजले. पण बुकात नावापुढे खूण पडली नाही, तर पगाराच्या दिवशी टेबलामागचा कारकून मान वर करूनसुद्धा पाहत नाही. "बुकात नाही" एवढे दोनच शब्द बोलतो. त्या दोन शब्दांपुढे तुमचा सगळा घाम फुकट! बदली कामगार म्हणून ज्यांनी गेटावर दिवस काढले, त्यांना तर हे पाठच आहे. काम करणे ही एक गोष्ट आणि कामाची नोंद होणे ही दुसरी. पैसा मिळतो तो नोंदीचा.

आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते गावाच्या हजेरीबुकाबद्दल. त्या बुकाला सरकारी भाषेत जनगणना म्हणतात, आमची म्हातारी माणसे खानेसुमारी म्हणत, कोणी शिरगणती म्हणतो. नाव काही असो. त्या बुकात गावाच्या नावापुढे जो आकडा पडतो, त्यावर गावाला रस्ता मिळायचा की नाही हे ठरते. आणि रस्ता मिळतो की नाही, यावर गावात माणसे राहायची की नाहीत हे ठरते. रस्ता नाही म्हणून माणूस गावात टिकत नाही, आणि माणूस गावात दिसत नाही म्हणून रस्ता मिळत नाही! घाण्याच्या बैलासारखी ही फेरी चालू आहे. ती तोडायची कशी, एवढेच आजचे बोलणे.

आम्ही कुठले, आणि किती

आम्ही धाराशिव जिल्ह्यातली माणसे. कालपरवापर्यंत सरकारी कागदावर उस्मानाबाद म्हणत. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी आणि धाराशिव असे आठ तालुके. आमच्यातले कोणी सोलापूरच्या गिरणीत आले, कोणी मुंबईला गेले, कोणी आता भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागावर आहे. मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतरच्या काळात एकेक करून बंद पडले, सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही गेल्या. पण माणसाचे पोट काही बंद पडत नाही. एक साचा थांबला की दुसरा धरायचा, हेच आपले चालले आहे.

२०११ च्या शिरगणतीत आमच्या जिल्ह्यात १६,५७,५७६ माणसे मोजली गेली. त्याआधी २००१ साली ती १४,८६,५८६ होती. दहा वर्षांत वाढ शेकडा साडेअकरा. त्याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राची वाढ शेकडा सोळा. म्हणजे आमच्याकडे लेकरे कमी जन्मली असे समजू नका. आमची वाढ पुण्याच्या, ठाण्याच्या, सोलापूरच्या खात्यावर जमा झाली! महाराष्ट्रात चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे राहतात. आमच्या जिल्ह्यात २१९. महाराष्ट्रात शंभरातली पंचेचाळीस माणसे शहरात, आमच्याकडे सतराच. बाकीची त्र्याऐंशी खेड्यात, वाडीवर, वस्तीवर, तांड्यावर. ज्या जिल्ह्यात शंभरातले त्र्याऐंशी लोक खेड्यात राहतात, तिथे खेड्याचा रस्ता म्हणजेच जिल्ह्याचा रस्ता, हे समजायला इंजिनेरची परीक्षा द्यावी लागत नाही.

निजामीतला रस्ता

आम्हाला कोणी विचारतात, "इतकी वर्षं झाली, तुमचं घोडं पेंड कुठं खातंय?" त्याला उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास तुमच्या गिरणीच्या दारापासूनच सुरू होतो.

सोलापूरला आगगाडी आली १८६० साली. तिच्या मागोमाग कापसाचा व्यापार आला आणि १८७७ साली जुनी मिल उभी राहिली. सोलापूरपासून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सबंध महाराष्ट्राची आई जिथे बसली आहे ते ठिकाण! पण सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात. मध्ये करोडगिरीचे नाके. माल इकडून तिकडे न्यायचा तर जकात भरा. माणूस मराठी, देवी मराठी, बोली मराठी. पण रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची भिंत. तुळजापूर-नळदुर्गाकडचा माणूस सोलापूरच्या गिरणीत कामाला आला म्हणजे दुसऱ्या राज्यात आला, असा तो काळ.

बार्शी लाइट रेल्वेचेही तेच. ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली धावू लागली. बार्शी इंग्रजी मुलखात. पुढे १९०७ साली ती आमच्या तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. कापूस, गळिताची धान्ये आमची. बाजारपेठ मात्र फुलली बार्शीची, कारण गाडी आधी तिथे आली. एक ध्यानात घ्या. धाराशिव हे जिल्ह्याचे ठाणे, पण ती गाडी त्या शहरात गेलीच नाही. येडशीला उतरायचे आणि पुढची वाट आपण बघायची. आमच्याकडे एक ठोकताळा आहे. ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असेल, तिथे उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो! कळंब रोड नावाचे स्टेशन आहे, पण कळंब शहरात रेल्वे नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

तरीसुद्धा त्या छोट्या गाडीने जेवढे दिले ते विसरून चालणार नाही. ती तडवळ्यात होती म्हणून कसबे तडवळे हे मुलखाला माहीत असलेले गाव झाले. १९४१ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे परिषदेला आले, आणि निजामी राज्यातल्या दलित जनतेने त्यांचे शब्द आपल्या मातीत उभे राहून ऐकले. गावाला वाट असली की त्या वाटेने नुसते धान्याचे पोते जात नाही, विचारही येतो. वाट नसलेल्या गावात येतो तो फक्त सावकार, कारण त्याला घोडे परवडते.

ती लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली. मग रुंद रूळ व्हायला किती वर्षे लागली? २००८ साल उजाडावे लागले! तेव्हा कुठे मार्ग वळवून धाराशिव शहराला मोठी गाडी लागली. आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी मिळाली ती २०१९ साली. सोलापूरला आगगाडी १८६० ला, आणि तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजापूरला ती न्यायची हे ठरले १५९ वर्षांनी. आईच्या दर्शनाला आजही लाखो माणसे पायी जातात. ती भक्ती आहे, तिला आमचे दंडवत. पण भक्तीने चालणे वेगळे आणि वाहन नाही म्हणून चालणे वेगळे.

राज्य आले, रस्ता यायचा होता

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला मराठी माणसाचे राज्य झाले. त्या राज्यासाठी फ्लोरा फाउंटनवर ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांत गिरणीकामगार होते. कोणाच्या बापाने ते राज्य आंदण दिलेले नाही.

आणि त्या राज्याच्या मांडणीतच एक करार होता. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. त्यात मराठवाड्याला दिलेला शब्द असा, की राज्याचा पैसा वेगवेगळ्या भागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष दिले जाईल. ते 'लोकसंख्येच्या प्रमाणात' हे शब्द नीट वाचा! आपला सगळा मामला त्या दोन शब्दांत आहे. १९८४ साली दांडेकर समितीने भागाभागांचा अनुशेष मोजला, तेव्हा मोजायच्या बाबींत रस्ते होते. म्हणजे रस्त्याची तूट आहे हे आम्ही बोंबलून सांगतो असे नव्हे. सरकारनेच नेमलेल्या माणसांनी ती कागदावर मांडली आहे.

राज्य आल्यावर काहीच झाले नाही, असे खोटे आम्ही बोलणार नाही. लाल गाडी आली. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या खात्याने १९३२ साली मोटारी सुरू केल्या होत्या, पण त्यांचे तोंड हैदराबादकडे. पुनर्रचनेनंतर आमच्या मोटारींचे तोंड मुंबई-पुण्याकडे फिरले. हे लहानसहान नव्हे. ज्या दिशेला गाडी जाते त्या दिशेला मुलगा शिकायला जातो, त्या दिशेला सोयरीक होते, त्या दिशेला नोकरी शोधली जाते. उमरग्याच्या पलीकडची भालकी, आळंद १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली. आमच्या लेकीबाळी तिकडे दिलेल्या आहेत. तिकडे जाणाऱ्या गाड्या किती आणि कशा, हे त्या माहेरवाशिणींना विचारा. राज्याची हद्द नकाशावर शाईने काढतात, पण ती खरी उमटते मोटारीच्या वेळापत्रकात.

रस्ते झाले तेही आठवते. १९७२ चा दुष्काळ! विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने गेली, आणि बायाबापड्या रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडू लागल्या. हाताला फोड, पुढ्यात लाल मिलो आणि सुकडी. त्या खडीवरून आजच्या कितीतरी रस्त्यांचे डांबर गेले आहे. तेव्हा "सरकारने रस्ता दिला" असे कोणी फार ऐटीत म्हणू लागला, तर त्याला विचारा, खडी कुणाच्या मायने फोडली?

पाचशेचा उंबरठा

आता मुख्य मुद्द्याला येऊ. जरा हिशेब आहे; पण तुम्ही पगाराच्या चिठ्ठीतली कापाकापी ओळखणारी माणसे, तुम्हाला हिशेबाचे भय नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना काढली. योजना चांगली. तिचा नियम असा, की सपाट मुलखात ज्या वस्तीची लोकसंख्या ५०० किंवा त्याहून जास्त आहे, आणि जिला बारमाही रस्ता नाही, तिला तो द्यायचा. डोंगरी आणि आदिवासी भागाला २५० ची सूट. लोकसंख्या कुठली धरायची? शिरगणतीच्या बुकातली. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. २०२८-२९ पर्यंत देशात २५,००० वस्त्यांना ६२,५०० किलोमीटर रस्ते. त्यातही सपाट मुलखाला उंबरठा ५०० चाच, आणि बुक २०११ चे.

आता त्या बुकात खूण कधी पडते ते बघा. २०११ ची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत. नियम असा, की या दिवसांत जो माणूस एकदा तरी आपल्या घरी सापडला त्याला घरी मोजायचे. जो सबंध वीस दिवस बाहेर आहे, त्याला जिथे असेल तिथे मोजायचे. वरवर पाहता नियमात काही खोट नाही. पण फेब्रुवारीत आमची माणसे असतात कुठे?

फेब्रुवारीत आमची माणसे उसाच्या फडात असतात! भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर लेकरे, कधी म्हातारी, कधी शेळी. घराला कुलूप. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखाना नेईल तिकडे कोपी घालायची आणि गाळप संपेपर्यंत तिथेच राहायचे. माघारी यायला मार्च-एप्रिल उजाडतो. मोजणारा गुरुजी फेब्रुवारीत दारात येतो तेव्हा त्याला दिसते ते कुलूप. गुरुजीचा काय दोष? कुलपाला तो नाव कसे विचारणार?

नमुन्यादाखल एक हिशेब करू. एक वस्ती धरा, माणसे ५२०. त्यातून १५ कोयते फडाला गेले, म्हणजे ३० माणसे. त्यांच्याबरोबर २० लेकरे-म्हातारी. एकूण पन्नास. पाचशे वीसातून पन्नास गेले, उरले ४७०. पाचशेला तीस कमी! संपला विषय. ती वस्ती पुढची दहा वर्षे, आणि शिरगणती लांबली तर पंधरा वर्षे, 'अपात्र'. पन्नास माणसे मेली नाहीत, गाव सोडून गेली नाहीत, घर विकले नाही, मतदारयादीत नाव आहे. फक्त हजेरी घ्यायच्या वेळी ती दुसऱ्याच्या शेतात घाम गाळत होती. गिरणीत असे झाले असते तर तुम्ही गेट अडवले असते!

आणि त्या पन्नासांची नोंद तिकडे फडात नीट होते म्हणता? आज या शिवारात कोपी, चार दिवसांनी पुढच्या. नोंद झाली तरी ती त्या गावाच्या खात्यात, जिथल्या रस्त्यावर त्यांना पाच महिन्यांपुरते चालायचे आहे. ना घर का ना घाट का, म्हणतात ते हेच.

रस्त्याचेच नव्हे. सपाट मुलखात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र, हे प्रमाणही डोकी मोजूनच लागते. पंचायतीचे सदस्य किती, हेही त्याच बुकावरून. एका कुलपाने किती दारे बंद होतात पाहा!

फाट्यापासून गावापर्यंत

कोणी म्हणेल, तुमच्या जिल्ह्यातून दोन दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात, आणखी काय पाहिजे? जातात, कबूल. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येरमाळा-बीड असा एक, आणि पुण्याहून सोलापूरवरून नळदुर्ग-उमरग्यामार्गे हैदराबादला जाणारा दुसरा. गुळगुळीत रस्ता, भरधाव ट्रका. पण महामार्ग जातो. गावात येत नाही. गावाला जो लागतो तो फाटा. रात्री गाडीतून उतरलेल्या माणसाला विचारा, फाट्यापासून गाव किती लांब असते! नकाशावर पाच किलोमीटर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गुडघाभर चिखलातून, डोक्यावर गाठोडे आणि कडेवर पोर घेऊन, पन्नास.

आमची माती काळी. ज्वारीला, तुरीला, सोयाबीनला चांगली, रस्त्याला वैरीण. पाणी पडले की फुगते, ऊन पडले की फाटते. तिच्यावर नुसता मुरूम ओतून फोटो काढला तर तो रस्ता पहिल्या पावसाचा पाहुणा. खाली भराव नीट पाहिजे, खडीचे थर दाबून बसवले पाहिजेत, दोन्ही बाजूंनी पाणी काढून दिले पाहिजे, आणि ओढ्याला मोऱ्या पाहिजेत. बारमाही रस्ता म्हणतात तो हाच. ओढ्यावर मोरी नसेल तर दोन्हीकडचे डांबर कितीही काळे असो, जुलैमध्ये गाव बेटच.

रस्ता नसला की माणूस काय करतो? जगतो, कारण जगायचे सोडता येत नाही. भूमकडे खव्याच्या भट्ट्या पाहा. दूध काही तासांत नासते, खवा त्याहून टिकतो. जिथून दूध वेळेत बाजाराला पोहोचत नाही, तिथे आमच्या माणसांनी वाहतुकीचा प्रश्न कढईत आटवून सोडवला! हुशारी मोठी, पण त्यासाठी जळण किती जाळले आणि घामाचा भाव काय मिळाला, तेही विचारा.

रस्ता झाला तरी काम निम्मेच होते. रस्त्यावर गाडी पाहिजे. आणि आम्हाला पाहिजे ती मुक्कामी गाडी. रात्री गावात येऊन थांबणारी, पहाटे निघणारी. कारण कामाला जाणाऱ्या माणसाला सकाळची गाडी पाहिजे आणि संध्याकाळी परतीची. या दोन गाड्या असतील तर माणूस गावात राहून तालुक्याला, औद्योगिक वसाहतीला, सूतगिरणीला रोजाने जाऊ शकतो. नसतील तर तो खोली करून राहतो. खोलीचे भाडे, खानावळ, चहापाणी वजा जाता गावाला काय पाठवतो, हे तुम्ही मनिऑर्डरी लिहिलेल्या हातांनीच सांगा.

थांब्यावर बसलेली म्हातारी विचारते, "आण्णा, गाडी यायलीय का?" आणि आण्णा म्हणतो, "काकू, आली तर यायली म्हणायचं." हे हसण्यावारी न्यायचे बोलणे नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला. त्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या; कामगाराने कामगाराच्या संपाला नावे ठेवू नयेत, आम्हीही ठेवत नाही. पण त्या महिन्यांत खेड्यातल्या माणसाला कळून चुकले, की लाल गाडी नसली म्हणजे काळी-पिवळीच्या टपावर बसून, मागेल तेवढे देऊन जावे लागते, आणि वयात आलेल्या मुलीला घरचे तिथे बसू देत नाहीत. मुलीची शाळा सुटते ती तिथे. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. फार चांगले केले! पण गाडीच आली नाही तर अर्धे कशाचे करायचे?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शहाणी माणसे घेतात. "रस्ता केला की माणसं त्याच रस्त्यानं निघून जातात. मग खर्च कशाला?" अहो, माणसे रस्ता नसतानाही गेलीच की! चिखल तुडवत गेली. रस्ता नसलेला माणूस एकदाच जातो आणि सणावारी येतो. रस्ता असलेला सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी जेवतो. वाट दोन्हीकडे जाते, हे या शहाण्यांच्या लक्षात कसे येत नाही?

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही आमच्याच माणसांसाठी मांडतो. कोणी म्हणेल, "मग मुंबईला, पुण्याला कायमचे राहणाऱ्यांचीही नावे गावात घाला आणि आकडा फुगवा." हे आम्हाला मान्य नाही! खोटी हजेरी लावणारा मुकादम तुम्हाला माहीत आहे. अखेर त्याचा भार खऱ्या कामगारावर पडतो. जो वीस वर्षे शहरात राहतो, त्याचे पाणी, दवाखाना, शाळा शहरात लागते; त्याची मोजणी शहरातच व्हावी. दोन ठिकाणी नाव म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी नाव पुसणे. आमची मागणी आहे ती पाच महिने बाहेर आणि सात महिने गावात असणाऱ्या माणसाबद्दल. त्याचे घर गावात आहे. त्याला गावात धरा.

आता काय करायचे

२०२१ ची शिरगणती कोरोनामुळे लांबली आणि लांबतच गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या शिरगणतीची तारीख ठरली १ मार्च २०२७. म्हणजे डोकी मोजायची ती पुन्हा फेब्रुवारीत, फड भरात असताना! पण या खेपेला एक दार उघडे आहे. शिरगणती दोन टप्प्यांची असते. आधी घरयादी होते, तिची मुदत २०२६ चा एप्रिल ते सप्टेंबर. त्या यादीत घरात नेहमी राहणारी माणसे किती, हेही लिहितात. एप्रिलनंतर आमची माणसे फडावरून घरी आलेली असतात. तेव्हा त्या यादीतला आकडा म्हणजे गावाची भरलेली हजेरी!

म्हणून आमच्या मागण्या अशा.

एक. ज्या वस्तीचा फेब्रुवारीचा आकडा पाचशेच्या आत आणि घरयादीचा आकडा पाचशेच्या वर असेल, तिला रस्त्याच्या कामासाठी घरयादीचा आकडा लावा. नवा कायदा नको, नवा पैसा नको. सरकारच्याच दोन बुकांतले खरे कुठले, एवढे ठरवा.

दोन. फडावर मोजणी करताना प्रत्येक कोपीवर जा, आणि माणसाचे मूळ गाव, तालुका, जिल्हा लिहून घ्या.

तीन. तांडा आणि वाडी मूळ गावात मिसळून टाकू नका. रस्ता वस्तीला मिळतो, तर मोजणीही वस्तीची वेगळी पाहिजे.

चार. जिथे बारमाही रस्ता झाला आहे तिथे सकाळ-संध्याकाळ गाडी आणि तिठ्यावरच्या एका गावाला मुक्कामी गाडी मिळाली पाहिजे.

हे झाले सरकारकडे मागायचे. आता तुम्ही काय करायचे? तुमचे गावाशी नाते पत्राचे असो की फोनचे, ते आता कामाला लावा. ग्रामसभेत ठराव करायला सांगा: आपल्या वस्तीतून किती कोयते गेले, किती माणसे, घरनिहाय यादी. कोऱ्या वहीत लिहा, सरपंच-ग्रामसेवकाची सही घ्या, एक प्रत तहसीलदाराला द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कागद गहाळ होण्याची कला कचेऱ्यांना अवगत आहे. रस्त्याच्या कामावर फलक असतो, तो उभे राहून वाचा. त्यावर लांबी, खर्च आणि ठेकेदाराची पाच वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी लिहिलेली असते. दुसऱ्या पावसात खड्डा पडला तर हात जोडून विनंती करू नका. फलकाचा फोटो लावून अर्ज करा.

बंधूंनो, राज्य मागताना आपण फार मोठे काही मागत नव्हतो. आपली भाषा बोलणाऱ्या कचेरीत आपले म्हणणे ऐकले जावे, एवढेच मागत होतो. ते राज्य मिळाले, आता साठाहून जास्त वर्षे झाली. त्या राज्याची खरी परीक्षा मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर होत नाही. ती होते फाट्यावर, रात्री नऊ वाजता, पावसात, जेव्हा एक बाई पोराला पोटाशी धरून गाडीची वाट बघत उभी असते. तिला मोजले आहे का? आणि मोजले असेल, तर तिची गाडी कुठे आहे?

कुलपाआडच्या माणसांची हजेरी लागलीच पाहिजे!
पाचशेचा आकडा खरा मोजला गेलाच पाहिजे!
वाडी-वस्ती-तांड्याला बारमाही रस्ता मिळालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!